आधीं काय, मागाहून काय

होळीच्या दिवशीं सकाळीं महाराष्ट्रीय स्वयंपाकघरांत काय चाललेलें असतें, तें श्रोत्यांस सांगण्याची गरज नाहीं. एका पातेल्यांत हरभऱ्याची डाळ रटरटत असते, कोणी गूळ चिरीत असतें, कोणी वेलदोडे सोलीत असतें, आणि बाहेरच्या खोलींतून दर पंधरा मिनिटांनीं "पानें केव्हां वाढणार?" हा प्रश्न येत असतो. घरांतील जाणती बाई या प्रश्नाचें उत्तर अंदाजानें देते, आणि आश्चर्य असें कीं, तें बहुधा खरें ठरतें. त्या अंदाजामागें एक गणित दडलेलें असतें. तिनें तें कागदावर कधीं मांडलेलें नसतें, इतकेंच. मोठीं धरणें, पूल, आगगाडीचे मार्ग, कारखाने यांचीं वेळापत्रकें आखणारे लोक जें शास्त्र वापरतात, तें याच गणिताचें वाढलेलें रूप होय. कामें एकंदर किती आहेत, या प्रश्नाला त्यांत दुय्यम स्थान आहे. कोणतें काम कोणत्या कामासाठीं खोळंबून राहतें, आणि कां राहतें, हा त्यांतील मुख्य प्रश्न.

पुरणपोळीचाच हिशेब मांडून पाहावा. डाळ शिजावयास ४५ मिनिटें लागतात असें धरलें, त्यानंतर कट निथळावयास १०, गूळ घालून पुरण आटवावयास २५ आणि तें वाटावयास १५. हीं कामें एकाच्या पाठीमागें दुसरें अशींच व्हावयास हवींत. न शिजलेल्या डाळीचा कट निघत नाहीं आणि न आटलेलें पुरण वाटतां येत नाहीं. ही झाली ९५ मिनिटांची रांग. दुसऱ्या बाजूला कणीक आहे. ती भिजवून मळावयास १५ मिनिटें पुरतात, पण नंतर ती तेलाखालीं दोन तास मुरावी लागते. ही रांग १३५ मिनिटांची झाली. पहिली पोळी लाटावयाची तर पुरण तयार पाहिजे आणि कणीकहि तयार पाहिजे. सारांश, दोन्ही कामांना एकदम हात घातला तरी पहिली पोळी ९५ मिनिटांनीं तव्यावर पडणें शक्य नाहीं. तिला १३५ मिनिटें लागणारच. डाळीच्या रांगेला ४० मिनिटांची सवड आहे, कणकेच्या रांगेला मुळींच नाहीं.

यांतून एक गोष्ट निघते, ती प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. डाळीचें काम मोठें, कटकटीचें आणि डोळ्यांपुढें वाफाळणारें. कणकेचें काम लहान, आणि एकदां मळून झाकून ठेवली कीं कोणी तिच्याकडे पाहतहि नाहीं. साहजिकच नवखी सून आधीं डाळ चढविते आणि ती शिजत आली कीं मग सावकाशीनें परात पुढें ओढते. तिच्या त्या ४५ मिनिटांच्या उशिरानें सगळें जेवणच ४५ मिनिटें मागें जातें. उलट, वेळ वांचावा म्हणून घरधन्यानें मोठ्या हौसेनें प्रेशर कुकर आणून दिला आणि डाळ ४५ ऐवजीं २५ मिनिटांत शिजली, तर जेवण किती लवकर होईल? एक मिनिटहि नाहीं! डाळीच्या रांगेंत ४० मिनिटें रिकामीं होतीं, आतां ६० झालीं. ज्या कामाला आधींच सवड आहे तें घाईनें उरकण्यांत पैसा जातो, दमछाक होते, आणि पदरांत कांहीं पडत नाहीं. मोठमोठ्या कामांवरहि हा प्रेशर कुकर निराळ्या नांवांनीं विकत घेतला जातो.

परंतु हिशेब येथें संपत नाहीं. घरांत शेगडी एकच असली तर? डाळ, पुरण, कटाची आमटी, भात आणि भाजी यांचा एकमेकांवर तसा कांहीं हक्क नाहीं. भातावांचून भाजीचें अडत नाहीं. तरीहि त्यांना एकामागून एक उभें राहावें लागतें, कारण जागा एकच आहे. डाळीचीं ४५, पुरणाचीं २५, आमटीचीं ३०, भाताचीं २५ आणि भाजीचीं २० मिनिटें मिळून १४५ होतात. आतां कणीक मुरून बसलेली असते आणि तवा ठेवावयास शेगडी मोकळी नसते. खोळंबा कणकेकडून शेगडीकडे सरकला. येथें दुसरी शेगडी आणली तर मात्र पैसा सार्थकीं लागेल.

ह्यावरून कामांच्या परस्परावलंबनाच्या जाति ध्यानांत याव्या. कांहीं अवलंबन वस्तूच्या स्वभावांतूनच येतें. त्याला कोणाचा इलाज नाहीं, आणि त्याच्याशीं हुज्जत घालण्यांतहि अर्थ नाहीं. कांहीं साधनांच्या टंचाईमुळें येतें आणि पैसा टाकला तर सुटतें. आणि कांहीं माणसानें आपण होऊन पतकरलेलें असतें. नैवेद्य दाखविल्यावांचून पानें वाढावयाचीं नाहींत, हा नियम डाळीच्या किंवा अग्नीच्या गुणधर्मांतून आलेला नाहीं. घरानें तो मानला म्हणून तो आहे, आणि म्हणूनच तो पाळणें किंवा न पाळणें ही घराच्या विचाराची बाब आहे. वेळापत्रकांतील पुष्कळसे तंटे तिसऱ्या जातीच्या बंधनाला पहिल्या जातीचें समजण्यामुळें, किंवा पहिल्या जातीच्या बंधनाला तिसऱ्या जातीचें समजण्यामुळें उद्भवतात. यांतील दुसरी चूक अधिक घातक.

अवलंबनाचा आकारहि सर्वत्र सारखा नसतो. पुरण पुरतें झाल्यावांचून पोळी नाहीं, येथें एकाचा शेवट ही दुसऱ्याची सुरुवात. पण लाटणें आणि भाजणें यांचें तसें नाहीं. सगळ्या पोळ्या लाटून झाल्यावर मग भाजावयास बसणारी बाई कोणीं पाहिली आहे? पहिली लाटली कीं ती तव्यावर जाते, आणि दोन्ही कामें एक पाऊल अंतर ठेवून बरोबर चालतात. शिवाय कणकेच्या मुरण्यासारखा काळ असतो. त्या काळांत कोणीच राबत नसतो, तरी तो काळ द्यावाच लागतो. नवशिक्यांच्या वेळापत्रकांतून हाच काळ हटकून गळतो, कारण त्याची मजुरी कोणी मागत नाहीं.

हें सर्व कागदावर उतरविण्याचा प्रयत्न बराच जुना आहे. कारोल आदामियेत्स्की नांवाच्या पोलिश एंजिनियरानें इ. स. १८९६ च्या सुमारास एक तक्ता तयार केला होता. प्रत्येक कामाच्या पट्टीवर तें काम कोणत्या कामाकडून येतें व पुढें कोणत्या कामाकडे जातें, याची त्यांत नोंद असे. हा तक्ता त्याच्या देशाबाहेर फारसा पोहोंचला नाहीं. कीर्ति मिळाली ती अमेरिकन एंजिनियर हेन्री गँट (१८६१–१९१९) याच्या आडव्या पट्ट्यांच्या तक्त्याला. कोणतें काम केव्हां सुरू होऊन केव्हां संपावें, हें त्या पट्ट्यांवरून एका दृष्टिक्षेपांत कळतें. पण जुन्या पट्ट्या दोन कामांमधील नातें सांगत नसत. एक काम आठ दिवस लांबलें तर मागचीं कोणतीं हालतील आणि कोणतीं जागचीं हालणार नाहींत, हें वाचणाऱ्यानें आपल्या डोक्यांत जुळवावें लागे. इ. स. १९५७ मध्यें डु पाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनीं कारखान्यांच्या कामासाठीं युनिव्हॅक या गणकयंत्राच्या साहाय्यानें बाणांच्या जाळ्याची रीत बसविली. पुढच्याच वर्षीं अमेरिकेच्या आरमारानें पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठीं 'पर्ट' नांवाची तशीच रीत काढली. रीत सोपी आहे. प्रत्येक कामापुढें त्याचीं पूर्वकामें लिहावयाचीं. आरंभापासून पुढें मोजीत जावयाचें, आणि जेथें अनेक वाटा मिळतात तेथें सर्वांत उशिरां येणारी वाट धरावयाची. मग शेवटापासून उलटें मोजीत मागें यावयाचें. दोन्ही मोजण्यांत जो फरक पडेल ती त्या कामाची सवड. ज्या वाटेवर सवड शून्य, ती 'क्रिटिकल पाथ', म्हणजे निर्णायक वाट. आणि मोजतां मोजतां माणूस फिरून त्याच कामापाशीं आला, तर लग्न झाल्याशिवाय वेड जात नाहीं आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाहीं, असला गुंता कोठें तरी लिहिला गेला आहे असें समजावें.

स्वयंपाकघरांतील चुकीची शिक्षा अर्ध्या तासाची असते. जेथें एका चुकीनें वर्ष जातें, किंवा माणसें जातात, असें एखादें काम पाहिल्यावांचून या विषयाचें वजन कळावयाचें नाहीं. त्या दृष्टीनें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हूव्हर धरणाची हकीकत फार बोलकी आहे. बाणांच्या जाळ्याची रीत त्या वेळीं जन्माला यावयाची होती. परंतु रीत नसली म्हणून अवलंबन नव्हतें असें नाहीं.

नेव्हाडा आणि ॲरिझोना या दोन संस्थानांच्या सीमेवरून कोलोरॅडो नदी वाहते. तिच्या ब्लॅक कॅनियन नांवाच्या अरुंद, उभ्या कड्यांच्या घळींत ७२६ फूट उंचीचें धरण बांधावयाचें होतें. इ. स. १९३१ च्या मार्च महिन्यांत सहा कंपन्यांच्या एका जुटीला ४ कोटी ८८ लक्ष ९० हजार ९९५ डॉलरांस हा मक्ता मिळाला, आणि कामावर मुख्य म्हणून फ्रँक क्रो हा अनुभवी एंजिनियर आला. कामासाठीं मुदत होती सात वर्षांची.

धरणाचा पाया खडकावर बसला पाहिजे. खडक नदीच्या गाळाखालीं आहे. गाळ उपसावयाचा तर पात्र कोरडें पाहिजे, आणि पात्र कोरडें करावयाचें तर नदीला दुसरी वाट दिली पाहिजे. दोन्ही बाजूंस उभे कडे असल्यामुळें ती वाट कड्यांच्या पोटांतूनच काढावी लागणार होती. अशा रीतीनें ७२६ फूट उंच भिंतीचें पहिलें काम भिंतीपासून दूर, डोंगराच्या आंत येऊन पडलें! दोन्ही कांठांस दोन दोन असे चार बोगदे खणावयाचे होते. प्रत्येकाचा व्यास ५६ फूट, आंतून ३ फूट काँक्रीटचा थर दिल्यावर ५० फूट. चारहि बोगद्यांची लांबी मिळून सुमारे १६ हजार फूट भरत होती. काँक्रीटचा थर देतांना आधीं तळ, मग बाजूच्या भिंती आणि शेवटीं छत असा क्रम ठेवला होता. तळावर रूळ टाकून त्यांवरून पुढचीं यंत्रें चालवावयाचीं असल्यानें हा क्रम उलटतां येण्याजोगा नव्हता.

नदी वळविण्याच्या कामाला आणखी एक पूर्वकाम होतें. तें कोणा मजुराच्या हातांतलें नव्हतें. तें म्हणजे हिवाळा. वसंतांत रॉकी पर्वतावरचें बर्फ वितळलें कीं कोलोरॅडोला पूर येतो. शरद ऋतूच्या अखेरीस आणि हिवाळ्यांत पाणी उतरतें, आणि तेवढ्याच काळांत नदीला सुरक्षितपणें वळवितां येतें. नदीच्या पात्रांत पुलाचे खांब उभारणारे आपल्याकडील एंजिनियर मृगाकडे ज्या नजरेनें पाहतात, त्याच नजरेनें क्रो हिवाळ्याकडे पाहत होता. बोगदे एक महिना उशिरां झाले तर नदी एक महिना उशिरां वळेल, असें गणित येथें चालत नाहीं. हिवाळा हुकला कीं पुढच्या हिवाळ्यापर्यंत हात जोडून बसावें लागतें. करारानें १ ऑक्टोबर १९३३ ही तारीख घातली होती, आणि त्यानंतर प्रत्येक दिवसाला ३,००० डॉलर दंड होता. पण त्या तारखेच्या भरवशावर राहणें म्हणजे आधींचा हिवाळा फुकट दवडून नंतरच्या हिवाळ्याच्या उंबरठ्यावर येऊन उभें राहणें होतें.

येथें क्रोची खरी पारख दिसते. "बोगदे पुरे झाल्यावर नदी वळवावी" हें वाक्य कोणीहि लिहील. पण किती बोगदे? हिवाळ्यांतली उतरलेली नदी वाहून न्यावयास दोन बोगदे पुरेसे होते. उरलेले दोन पुराचें पाणी येईल तेव्हां उपयोगी पडणार होते. म्हणून ॲरिझोनाच्या बाजूचे दोन बोगदे तयार होतांच, १३ नोव्हेंबर १९३२ रोजीं, त्यांच्या तोंडावरचा तात्पुरता बांध सुरुंगानें उडवून दिला आणि त्याच वेळीं नदीच्या पात्रांत दगडमातीचे ढीग ओतण्यास आरंभ झाला. आपली जुनी वाट अडलेली पाहून नदी डोंगरांत शिरली. करारांतील तारखेला अजून साडेदहा महिने अवकाश होता. इतकेंच नव्हे, तर पात्र अडविणारा वरचा मातीचा बांधहि नदी वळण्याची वाट पाहत थांबला नव्हता. नेव्हाडाच्या बाजूस घोड्याच्या नालाच्या आकाराचा एक लहान बांध घालून, त्याच्या आडोशानें तो सप्टेंबरांतच सुरू झाला होता. कोणतें काम कोणासाठीं थांबतें, एवढें विचारून क्रो राहिला नाहीं. कितव्या हिश्शासाठीं थांबतें, हेंहि त्यानें विचारलें. त्या एका प्रश्नानें एक आख्खा हिवाळा हातीं आला.

आतां दुसरी बाजू. मूळ वेळापत्रक असें होतें कीं, प्रथम मजुरांसाठीं बोल्डर सिटी नांवाचें गांव वसवावें आणि मग धरणाचें काम काढावें. परंतु १९३१ सालीं अमेरिकेंत बेकारीनें कहर केला होता. हजारो माणसें कामाच्या आशेनें बायकापोरांसह त्या वाळवंटांत येऊन पोहोंचत होतीं. राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनीं ऑक्टोबरांत सुरू व्हावयाचें काम मार्चमध्येंच सुरू करण्याचा हुकूम दिला. या हुकुमामागें निर्दयता होती असें कोणी म्हणूं नये. उपाशी माणसाला ऑक्टोबरापर्यंत थांब म्हणून सांगणें तरी कोणाला शोभलें असतें? पण वेळापत्रकांतील एक ओळ सहा-सात महिने वर सरकली आणि तिच्या आधींची ओळ जागच्या जागीं राहिली. एकट्या मजुरांपैकीं ४८० जणांची सोय कड्याला लागून बांधलेल्या बराकींत झाली. कुटुंबवत्सल मजुरांनीं आपली सोय आपणच पाहावी असें ठरलें. त्यांनीं नदीकांठीं तंबू, पुठ्ठे, फाटकीं कापडें यांचे आडोसे उभारले, आणि त्या वस्तीला लोकांनीं नांवच दिलें रॅगटाऊन, चिंध्यांचें गांव.

त्या वर्षींचा उन्हाळा विशेष कडक निघाला. दिवसाच्या कमाल उष्णतामानाची सरासरी ११९·९ अंश फॅरनहाइट होती. २५ जून ते २६ जुलै १९३१ या एका महिन्यांत मजूर आणि नदीकांठचे रहिवासी मिळून १६ माणसें उष्माघातानें मेलीं. ऑगस्टमध्यें संप झाला. मक्तेदारांनीं संपवाल्यांच्या मागण्या फेटाळल्या. पुढें बोल्डर सिटींतील घरें जसजशीं तयार होत गेलीं, तसतसे मजूर तिकडे राहावयास गेले आणि त्यांचे हाल कमी झाले. म्हणजे शेवटीं घरें बांधावीं लागलींच. तें काम कोणाला टळलें नाहीं. फक्त तें मागाहून झालें, आणि मधल्या अंतरांत सोळा तिरड्या उठल्या.

या ठिकाणीं थोडें थांबून पाहणें जरूर आहे. बोगद्यावांचून नदी वळत नाहीं हें अवलंबन कोणीहि विसरला नाहीं, कारण तें विसरणें शक्यच नव्हतें. नदीनेंच आठवण करून दिली असती. घरावांचून मजूर राबूं शकतो. निदान कांहीं दिवस, निदान मरेपर्यंत राबूं शकतो. म्हणून तें अवलंबन वरून मोडण्यासारखें दिसलें. मघांशीं उल्लेखिलेली घातक चूक ती हीच. वाळवंटांतील जुलैमध्यें सावली आणि थंड पाणी हीं माणसाच्या शरीराचीं पूर्वकामें आहेत. त्यांना सोयीच्या यादींत टाकल्यानें त्यांची जात बदलली नाहीं.

कड्यांवरून दोरांच्या आधारें लोंबकळत सैल खडक पाडणाऱ्या माणसांचें काम तळच्या कामाआधीं होणें इष्ट होतें, हें उघड आहे. तरी दगड पडण्याचें भय पुढेंहि राहिलें. कामकरी लोकांनीं आपल्या कापडी टोप्या डांबरांत बुडवून, वाळवून, टणक करून घेतल्या. वरिष्ठांनीं त्या पाहिल्या आणि मग कंपन्यांनीं तशा टोप्या मागविल्या. वेळापत्रकानें सोडलेली फट माणूस कधीं कधीं आपल्या डोक्यानें बुजवितो, तें असें.

पहिलें काँक्रीट ६ जून १९३३ रोजीं पडलें. ठरल्या वेळेच्या दीड वर्ष आधीं. त्या कामांत कणकेच्या मुरण्याचाच प्रश्न एका प्रचंड रूपानें उभा राहिला. सिमेंट आणि पाणी यांचा संयोग झाला कीं उष्णता निर्माण होते. धरणाच्या भिंतींत साडेबत्तीस लक्ष घनयार्ड काँक्रीट जावयाचें होतें. तेवढें सगळें एकाच गोळ्यानें ओतलें असतें, तर तें निवावयास १२५ वर्षें लागलीं असतीं, आणि निवतां निवतां भिंतीला तडे गेले असते, असा एंजिनियरांचा अंदाज होता. एकशें पंचवीस वर्षें झाकून ठेवावयास वेळ कोणाजवळ आहे? म्हणून भिंत अनेक चौकोनी स्तंभांत विभागली आणि प्रत्येक स्तंभ ५ फूट उंचीच्या थरांनीं वाढवीत नेला. थरांत एक इंच व्यासाच्या पोलादी नळ्या बसविल्या. त्यांची एकंदर लांबी ५८२ मैल होती. त्यांतून प्रथम नदीचें पाणी आणि नंतर मुद्दाम उभारलेल्या शीतयंत्राचें बर्फगार पाणी खेळविलें.

स्तंभ निवला म्हणजे आक्रसतो आणि शेजारच्या स्तंभाशीं बारीक फट पडते. ही फट सिमेंटच्या पातळ मिश्रणानें भरावयाची असते. ती भरण्याची घाई केली आणि स्तंभ नंतर आणखी आक्रसला, तर भरलेली फट पुन्हां उघडते. येथें "संपलें" या शब्दाचे दोन अर्थ होतात. ओतण्याचें काम संपलें, पण निवण्याचें संपलेलें नाहीं. आणि पुढचें काम थांबतें तें दुसऱ्या अर्थाच्या संपण्यासाठीं. निवविण्याचें काम १९३५ च्या मार्चमध्यें पुरें झालें, आणि भिंतींतलें शेवटचें काँक्रीट त्याच वर्षाच्या मे अखेरीस पडलें. सरोवरांत पाणी सांठविण्यास मात्र त्याआधींच, १ फेब्रुवारी १९३५ रोजीं, बोगद्याचें दार बंद करून आरंभ झाला होता. पाणी तळापासून चढतें. त्याला माथ्याच्या काँक्रीटची आरंभींच गरज नव्हती. ३० सप्टेंबर १९३५ रोजीं राष्ट्राध्यक्ष रूझव्हेल्ट यांच्या हस्तें समारंभ झाला, तेव्हां वीजघर अपुरें होतें, आणि पहिलें जनित्र पुढच्या वर्षींच्या ऑक्टोबरांत फिरूं लागलें. मुदतीच्या दोन वर्षांहून अधिक काळ आधीं, १ मार्च १९३६ रोजीं, काम सरकारच्या ताब्यांत आलें. क्रोची जगभर वाहवा झाली, आणि ती योग्यच होती.

तथापि त्या घाईंतील एक गोष्ट अद्याप राहिली आहे. धरणाखालचा आणि बाजूचा खडक कितीहि भक्कम दिसला तरी त्यांत भेगा असतात. त्यांतून सरोवराचें पाणी झिरपतें आणि भिंतीच्या पायाला खालून वर उचलूं पाहतें. यासाठीं खडकांत खोल छिद्रें पाडून त्यांतून सिमेंटचें मिश्रण दाबानें भरतात, आणि भिंतीखालीं एक अदृश्य पडदा तयार करतात. हें काम काँक्रीट ओतण्याचें पूर्वकाम होतें. काँक्रीटची तारीख जवळ येऊन ठेपली होती, आणि छिद्रें पाडणाऱ्यांवर मोठा ताण होता. खडकांत कोठें उष्ण पाण्याचा झरा लागे, कोठें चिखलानें भरलेली पोकळी लागे. तेथें अडून न बसतां पुढच्या छिद्राकडे जावें असें झालें. एकंदर ३९३ छिद्रांपैकीं ५८ अर्धवट भरलेलीं राहिलीं. वेळापत्रकांत मात्र काम झाल्याची खूण पडली, आणि त्या खुणेच्या भरंवशावर काँक्रीट सुरू झालें.

सरोवर भरूं लागलें तसें पाणी अनेक ठिकाणीं झिरपूं लागलें. चौकशी झाली तेव्हां काम अपुरें राहिल्याचें उघडकीस आलें, आणि त्या घळीच्या भूगर्भाचें ज्ञानहि मुळांत अपुरें होतें असें आढळलें. पण आतां वर भिंत उभी होती. जें काम उघड्या खडकावर करावयाचें, तें भिंतीच्या पोटांतील अरुंद भुयारांत शिरून, तेथून खडकांत नवीं छिद्रें पाडून करावें लागलें. फारसा गाजावाजा न करतां १९३८ मध्यें या कामाला आरंभ झाला. सबंध धरण बांधावयास पांच वर्षें लागलीं होतीं. हा राहिलेला पडदा पुरा करावयास नऊ लागलीं. १९४७ सालीं तें काम संपलें. १९३३ पासून धरणाला 'बोल्डर' म्हणण्याचा प्रघात पडला होता, तो मोडून हूव्हर यांचें नांव अमेरिकेच्या काँग्रेसनें त्याला परत दिलें, तेंहि त्याच वर्षीं.